पिवळ्या अंगठ्याची कॅसेट

४ जानेवारी, रविवार

आज दुकानात खारघरची एक पोरगी आली, काउंटरवर एक कॅसेट ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही इंद्रजीत सरांच्या बहीण ना?"

सर! माझ्या भावाला जिवंतपणी कोणी सर म्हटलं नाही. मास्तर गाढव म्हणायचे, पोलीस काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. मी म्हटलं, "हो, मी माधुरी. झेरॉक्स काढायचीय का?" तोंडातून तेवढंच निघालं. 

पोरीचं नाव पूर्वी. कॉलेजात आहे. ती आणि तिचे मित्र कोणी न ऐकलेली जुनी गाणी शोधतात आणि पुन्हा बाहेर काढतात. ही कॅसेट तिला एका भंगारवाल्याकडे मिळाली. आमचा 'उघाडी' म्हणजे तिच्या मते अॅनार्को-पंक बँड. म्हणजे काय गं, तर म्हणाली, "सरकार, साहेब, मालक, कोणीच नको म्हणणारं संगीत." मी म्हटलं, आमच्या घरी त्याला किंचाळणं म्हणायचे. तर हसायची सोडून तिने ते लिहून घेतलं!

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीला मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. इंद्रजीतने बँडला हे नाव दिलं, कारण विमानतळासाठी गाव जाणार हे नक्की झालं होतं आणि बांधावरची उघाडी तेवढी अजून चालत होती. तो गायचा आणि गिटार बडवायचा, नीलेश ड्रम वाजवायचा, तिसरा होता तो लवकरच आखाती देशात गेला. दीडेक वर्ष चालला बँड. दहा-बारा कॅसेट काढल्या, त्या फुकट दिल्या तरी कोणी घेईना. मग इंद्रजीतने न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरी धरली, आणि २०१३ साली उरण रोडवर ट्रेलरखाली आला. माझ्याकडे त्याची एकही कॅसेट नाही. तेव्हापासून त्याचा आवाज ऐकलेला नाही.

कॅसेटच्या कागदावर एक पिवळा अंगठा उमटलेला आहे. पूर्वी म्हणाली, हा भूसंपादनाच्या कागदावरचा अंगठा. शाईऐवजी पिवळा, म्हणजे मातीचा, भाताचा, निषेधाचा. तिने यावर लेखही लिहायला घेतलाय. माझा भाऊ एवढा हुशार होता? मला तर कधी कळलं नाही. ऊर भरून आला.

कॅसेट माझ्याकडे ठेवून गेली. मी पदराखाली धरून घरी आणली, चोरीचा माल असल्यागत.

७ जानेवारी, बुधवार

कॅसेट वाजवायची कशावर? रोडपालीतच नीलेशचं साऊंडचं गोडाऊन आहे. हळदीला, साखरपुड्याला भिंतीएवढे बॉक्स लावतो. गेले.

कॅसेट बघून तो मागे सरला. "माधे, भूत झोपलंय. झोपू दे."

मी म्हटलं, तुझ्या बॉक्सांनी अख्ख्या कळंबोलीची भुतं जागी झालीत, आणखी एकाने काय होतंय. तो हसला नाही. शेवटी एक जुना डेक पुसून दिला. रेकॉर्डिंग शाळेच्या बंद खोलीत एका दिवसात केलं, वायरी मास्तरांच्या खुर्चीला बांधल्या होत्या, असं सगळं सांगत बसला. "कॅसेटी भरल्या इंद्रजीतने एकट्याने, तुझ्या आत्याकडे बसून. मी नव्या आणायला निघालो होतो पनवेलला. नको म्हणाला, घरात पडल्यात."

डेकची वायर बरीच आखूड आहे, एक्स्टेन्शन घ्यायला हवं.

११ जानेवारी, रविवार

आत्याकडे गेले. पुनर्वसनाच्या सेक्टरात तिच्या मुलाने तीन मजले चढवलेत, संगमरवर आहे, लिफ्टसाठी खड्डाही सोडलाय. आणि त्या सगळ्यात आत्या तळमजल्यावर खाटेवर. गेल्या पावसाळ्यात झटका आला, उजवा हात गेला, बोलणं तुकड्या-तुकड्यांनी येतं.

आई गेल्यावर इंद्रजीतला आणि मला हिनेच वाढवलं. आत्या म्हणजे कमळाबाई धवलारीण. आमच्यात लग्न लावायचं तर आधी धवलारणीने धवला गायचा, मग भटजी. तिने मांडवातून कलेक्टरला उठवलंय, धवला चालू असताना फोनवर बोलला म्हणून. आता तिला गाण्याची पहिली ओळच सापडत नाही. तोंड उघडते, वाट बघते, मिटते. मला बघवत नाही.

तिची नात प्राची, हिचं लग्न वीस फेब्रुवारीला. इंद्रजीत गेल्यापासून या घरातला हा पहिला मांडव. आत्याचं एकच, "माझ्या कॅसेटी."

झालंय असं, की वय झालं म्हणून तिने बरीच वर्षं आधी सगळे धवले कॅसेटवर गाऊन ठेवले होते. पत्र्याच्या पेटीत असायचे. गाव पाडलं तेव्हा सामान हलवताना पेटी आली, कॅसेटी आल्या नाहीत. मी पुन्हा तेच सांगितलं, "आत्या, जेसीबीखाली गेल्या त्या."

"मुडदा बसवला त्याचा," आत्या म्हणाली. हे वाक्य मात्र सलग येतं. आठ वर्षं ती त्या जेसीबीला रोज शिव्या देते.

प्राची म्हणाली, मोबाईलवर धवला मिळतो, तो लावू. आत्याने डावा हात झटकला. "त्या बाईला... आपली मानसं... ठावं हायत?" बरोबरच आहे. मांडवाच्या दिवशी घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन बोलवावं लागतं, पाट मांडून पाणी ठेवावं लागतं. नाव घेतल्याशिवाय मेलेलं माणूस मांडवात येत नाही, दारातच उभं राहतं. मोबाईलमधल्या बाईला आमची नावं कुठली ठाऊक!

निघताना आत्याने प्राचीच्या पहिल्या पत्रिकेवर हळदीचा अंगठा उठवला. मग लग्नाच्या शालूच्या खोक्यावर. मग प्राचीच्या नव्या मोबाईलवरही. शुभाचं काहीही दिसलं की ती पिवळं करते, पहिल्यापासून. प्राची वैतागून पुसत बसली.

माझं लक्ष नव्हतं. मला घरी जाऊन कॅसेट ऐकायची होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवाला चार बायका बोलावल्या होत्या, पण दुपारी यांची शिफ्ट होती आणि घर रिकामं होतं. लावली कॅसेट.

सही नाय! अंगठा नाय!
नकाशात आमचं घर नाय!

मी डेकजवळ सरकून बसले. आवाज आठवणीपेक्षा जाड आहे, ओढल्यासारखा. मेलेल्या माणसाचा आवाज असाच होत असेल. एक गाणं नुसतं तलाठ्याला शिव्यांचं आहे. शेवटचं उघाडीचं, "भरती आली, दार लाव, दार लाव, दार लाव," असं ओरडत ओरडत त्याचा घसा बसतो आणि गाणं तिथेच तुटतं. मी खटकन बंद केलं. त्यापुढची शांतता सहन झाली नसती.

वरून विमान गेलं. गेल्या महिन्यापासून जातात. आमची चूल होती तिथून उडतात. मी गॅलरीत जाऊन त्या विमानाला "अंगठा नाय" म्हणून आले. बरं वाटलं. शेजारणीने पाहिलं, पाहू दे.

१८ जानेवारी, रविवार

लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

आता रोज ऐकते. आज शेवटच्या गाण्याला कपडे काढायला गॅलरीत गेले आणि बंद करायचं विसरले. गाणं तुटलं. काही नाही, नुसती खरखर. आणि मग घरात एक बाई गायला लागली.

पाट मांडा गो त्याला, पानी द्या गो बायांनो
लांबून आला, पाय दमलं, पानी द्या गो बायांनो

कपडे हातातून पडले. धवला होता. पण आवाज बाईचा म्हणावा की बाप्याचा, घोगरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आत्याचा आवाज मला ठाऊक आहे, खणखणीत. बांधावरून हाक मारली की आम्ही मिठागरातून पळत यायचो. हा तो नव्हे. कोणाला पाट मांडा? कोण आलंय लांबून?

मी मूर्खासारखं दाराकडे बघितलं. आणि नंतर, कोणाला सांगणार नाही, उठून दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. तरी तांब्याभर पाणी उंबऱ्याशी ठेवलं.

हे घरी आले आणि तांब्याला पाय लागून पडता पडता वाचले.

२२ जानेवारी, गुरुवार

पूर्वीला फोनवर सांगितलं. मला वाटलं हसेल. ती किंचाळली, "म्हणजे तुमच्या कॅसेटवरही आहे! गाणी संपली की मी बंद करायचे!" पुण्यात एकाकडे 'उघाडी'ची दुसरी कॅसेट आहे. तिच्यातही शेवटी बाई गाते. पण वेगळं गाणं, हळद दळायचं. तिचं म्हणणं, बँडने मुद्दाम लपवलेली गाणी आहेत ही. प्रत्येक कॅसेटवर निराळं. ओरडून झालं की शेवटी आईचा, गावाचा आवाज. "मॅडम, हे केवढं मोठं आहे!"

पुण्याच्या कॅसेटवरही पिवळा अंगठा आहे म्हणे.

 इंद्रजीत, काय रे डोकं तुझं! आणि आम्ही तुला टवाळ म्हणत होतो.

२५ जानेवारी, रविवार

देवा. कुठून सुरुवात करू.

नीलेशला ऐकवायला कॅसेट आणि डेक घेऊन गोडाऊनला गेले. दोन ओळी ऐकून तो म्हणाला, "थांब, डेक हळू चालतोय. रबर सैल झालंय." डेक उघडला, पट्टा बदलला, पुन्हा लावलं. इंद्रजीत पातळ झाला, तरुण झाला, हुबेहूब आपला इंद्रजीत.  मग गाणं तुटलं, खरखर झाली, आणि ती बाई आली.

"पाट मांडा गो त्याला."

आत्या! खणखणीत, बांधावरची आत्या.

मी आनंदाने नीलेशचा हात धरला. तो माझ्याकडे बघेना. कॅसेट बाहेर काढून तिची मागची कड दाखवली. तिथे एक छोटी खिट्टी असते, ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, असं म्हणाला. जपून ठेवायची कॅसेट असली की मोडतात. इथे मोडलेली होती. आणि त्या भोकावर, पुन्हा भरता यावं म्हणून, चिकटपट्टी लावलेली होती, नीट, कात्रीने कापून.

"घरात पडल्यात म्हणाला होता," नीलेश म्हणाला. "मी इचारलं पन नाय, कशाच्या हायत."

तरी माझ्या टाळक्यात उजेड पडायला वेळच लागला. त्याने कॅसेटच्या कागदावर बोट ठेवलं. पिवळा अंगठा. शाई नाही, निषेध नाही, हळद. आत्याने प्रत्येक धवला गाऊन झाल्यावर उठवलेली.

जेसीबीने काही केलं नाही. माझ्या भावाने आत्याचे सगळे धवले पुसून वर स्वतःचं किंचाळणं भरलं. त्याची गाणी कॅसेटहून तोकडी पडली, म्हणून शेवटी आत्याच्या एकेका गाण्याचं शेपूट राहिलं. गाव पुसतायत म्हणून ओरडत होता, आणि ओरडता ओरडता काय पुसलंस रे गाढवा? रिकाम्या कॅसेटी आणायला पनवेल लांब होतं का?

गोडाऊनमध्ये सगळ्यांसमोर रडले. नीलेश पाणी घेऊन आला, आणि पाणी बघून आणखी रडले.

१ फेब्रुवारी, रविवार

पूर्वीला सांगितलं. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आपण असं म्हणू शकतो का, की त्यांनी मुद्दाम ठेवला तो आवाज?"

पहिल्यांदा राग आला. मग रात्रभर तेच डोक्यात. म्हणायला काय जातंय? आत्याला सांगायचं, इंद्रजीतने तुझा आवाज जपला, बघ, शेवटी ठेवलाय. ती सुखावेल. जेसीबीला शिव्या देत राहील. इंद्रजीत तिच्या मनात होता तिथेच राहील. त्या माउलीकडे आता त्या पोराशिवाय आहे काय? गाणं गेलं, हात गेला, गाव गेलं.

आणि खरं सांगितलं तर ती त्याचं नाव घेईल का मांडवात? नाही घेतलं तर? तेरा वर्षं दाराबाहेर आहे तो. लोक मला वेडी म्हणतील, पण माझी झोप याच्यासाठीच उडालीय.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी डेक घेऊन आत्याकडे गेले. प्राची पार्लरला, बाकी सगळे आमंत्रणं द्यायला. टेप शेवटच्या गाण्यापुढे नेऊन ठेवली होती. नुसतं शेपूट लावलं.

आत्या उठून बसली. एका हाताने, माझी मदत न घेता! ओठ हलायला लागले. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला, फाटका, वाकडा, पण सुरात. "लांबून आला, पाय दमलं." महिने झाले होते तिने सलग चार शब्द गायल्याला. मी तोंडात पदर कोंबला.

संपलं. ती माझ्याकडे वळली. "याच्या आदीचा?"

मी डेकची वायर सरळ करत बसले.

"नावं... आदी येतात. नावं कुठं हायत?"

"आत्या, इंद्रजीतने ना, तुझा आवाज..." एवढं म्हणून मी अडकले. ती बघत होती. मी लहानपणी खोटं बोलले की ती अशीच बघायची, काही न बोलता, आपोआप खरं बाहेर येईपर्यंत. आलंच. मी टेप मागे नेली आणि सुरू केली.

सही नाय. अंगठा नाय. आत्या दचकली. मग तिने डावा हात स्पीकरच्या जाळीवर ठेवला, ताप आलेल्या पोराच्या छातीवर ठेवावा तसा. सगळी बाजू ऐकली. दार लाव, दार लाव, आणि मग तिचीच हाक, पाट मांडा. मी चिकटपट्टी दाखवली. अंगठा दाखवला.

तिला कळलं. माझ्यापेक्षा किती लवकर कळलं.

"फुकट," ती म्हणाली. "फुकट शिव्या दिल्या... त्या जेसीबीला."

मला वाटलं हसतेय. पण ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "ने ते."

"आत्या..."

"ने!"

१५ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर बोलत नाही. प्राचीचा फोन, जेवत नाही नीट. मांडवात बसणार नाही म्हणते. घरातले मला विचारतात, काय केलंस? 

खोटं बोलले असते तर आज ती खाटेवर बसून गात असती. हे लिहून ठेवते, कारण हेही खरं आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मांडव. बिल्डिंगखाली कापड, उंबराची फांदी, आणि नीलेशचे भिंतीएवढे बॉक्स. सकाळी दहाला बायका जमल्या. धवलारीण नाही म्हणून प्राचीने मोबाईल जोडायला दिला.

तेवढ्यात आत्या आली. दोन नातवांच्या खांद्यावर हात, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळ भरून कुंकू नाही पण मान ताठ. खुर्ची नाकारली, पाटावर बसली. नीलेशला म्हणाली, "त्याची लाव."

"कोणाची, आत्या?"

"पोराची. आदीपासून नको. शेवटचा गाना."

नीलेशने माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून कॅसेट काढली. होय, पर्समध्येच होती, इतके दिवस. डेक मी नीलेशला परत केला होता, तो त्याने बॉक्सना जोडला.

आणि अख्ख्या सेक्टरात माझा भाऊ ओरडायला लागला. भरती आली! दार लाव! बायकांनी कानावर हात ठेवले, व्याही मंडळी उठून उभी राहिली, एक बाळ रडायला लागलं. प्राची म्हणाली, "आजी, हे काय गं!"

आत्याने डोळे मिटले आणि त्याच्या ओरडण्यावर गायला लागली.

मांडवाच्या दारी कोन पाहुना उभा

पहिलाच शब्द आला! कोणी न सांगता, आपोआप आला. तिला ठाऊक होतं आपलं गाणं कुठे पुसलंय. तिथे त्याच्या आवाजाच्या खाली हात घालून ती एकेक नाव वर काढत होती. सासऱ्याचं, सासूचं, तिच्या नवऱ्याचं, काशिराममामांचं, माझ्या आईचं. जीभ अडखळली की थांबायची, तो ओरडत राहायचा, ती पुन्हा धरायची. बायकांचे हात कानांवरून खाली आले. एकेक करून त्या झेलायला लागल्या, कोन पाहुना उभा.

तो दार लाव म्हणून घसा फोडत होता. गाणं आता तुटणार हे मला पाठ होतं. एकच नाव राहिलं होतं. 

इंद्रजीत पाहुना उभा

गाणं तुटलं. खरखर झाली. आणि बॉक्समधून खणखणीत, बांधावरची आत्या म्हणाली, पाट मांडा गो त्याला, पानी द्या गो बायांनो.

मी उठले. एक पाट उचलून मांडवाच्या दाराशी मांडला, माठातून तांब्या भरला, पाटाजवळ ठेवला. आता तिथे कोणी बसलंय की नाही, ते मी लिहिणार नाही.

आत्याने डोळे उघडून तांब्याकडे बघितलं.

"गार हाय ना?" ती म्हणाली. "त्याला गार लागतं."